दुर्बिणीच्या टेकडीवरचा सुती दोर

मी एक जुना सुती दोर आहे, मित्रांनो. चांदूर बाजारच्या उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग दिसते ना, तिच्यातल्या एका टेकडीवर एक गोल दगडी खोली आहे. तिथल्या खुंटीवर माझे वेटोळे टांगलेले असते. खोलीत शिरणारी मुले आधी दचकतात, त्यांना साप वाटतो. मग एखादे धीट पोर मला बोट लावून बघते आणि म्हणते, "अरे, हा तर नुसता दोर!" त्या 'नुसता' शब्दाचा मला फार राग येतो. म्हणून आज माझी हकिगत तुम्हाला सांगायचीच, असे मी ठरवले आहे.

माझा जन्म काळ्या मातीतला. ज्या वर्षी मी बोंडातून बाहेर आलो, त्या वर्षी वऱ्हाडात कापसाचा मान एकदम वाढला होता. समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता, आणि तिथल्या गिरण्या आमच्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. वेचणी संपायच्या आत गाड्या भरून निघत. माझे सगळे भाऊबंद त्या गाड्यांतून गेले. कुणाचे धोतर झाले असेल, कुणाची चादर झाली असेल, कुणी एखाद्या मडमेच्या झग्यात जाऊन बसला असेल. मी मात्र मागे राहिलो, कारण माझे मालक खुशालराव पाटील हे जरा जगावेगळे गृहस्थ होते.

हाती पैसा आला तेव्हा कुणी बैलांना चांदीच्या घुंगुरमाळा केल्या, कुणी घरावर मजला चढवला. खुशालराव कापसाच्या सौद्यासाठी मुंबईला गेले होते, तिथे कुणाच्या तरी गच्चीवर त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला, आणि माणूस तिथेच हरवला. परत आले ते एक लांबलचक पितळी दुर्बीण घेऊनच. गावात धूर फार, म्हणून त्यांनी टेकडीवर खोली बांधली. तिच्या छपराला वर उघडणारे दार ठेवले आणि गावोगाव निरोप धाडला, की ज्याला चंद्र जवळून बघायचा असेल त्याने खुशाल यावे.

टेकडी सुंदर होती, पण अवघड होती. खोलीच्या समोर मोकळे पटांगण, आणि पाठीमागे हातभर रुंदीची वाट सोडली की थेट कडा. दुर्बिणीजवळ दिवा चालत नसे, कारण उजेड डोळ्यांत भरला की आकाशातले बारीक काही दिसत नाही. मग संध्याकाळच्या काळोखात लोकांनी चालायचे कसे? यासाठी दोर हवा होता. टेकडीची राखण नत्थुजी आणि त्यांची बायको मैनाबाई करत. दोघे फुला-भाजीच्या मळ्यात वाढलेली माळ्याची माणसे, टेकडीवरच झोपडी करून राहत. नत्थुजींनी दोर वळायला अंबाडीचा वाख भिजत घातला, तेव्हा मैनाबाई मधे पडली.

"अंबाडी हाताले टोचते," ती खुशालरावांना म्हणाली. "टोचलं का माणूस सोडून देते. पाटील, कापसाचा दोर करा."

"कापसाचा?" नत्थुजी हसले. "विलायतेचे लोक ज्याच्यासाठी झुरून राहिले, त्याचा आपण दोर वळाचा?"

"मंग? विलायतेचे लोक का इथं येऊन कड्यावरून पडून राहिले?"

खुशालराव मोठ्याने हसले आणि त्यांनी घरचा कापूस काढून दिला. मैनाबाईने सूत काढले, नत्थुजींनी तीन पेडी घेऊन मला पीळ भरला. वाटेत पायरी असेल तिथे त्यांनी मला एक गाठ मारली, वळण असेल तिथे जोडगाठ. हाताला गाठ लागली की पायाने समजून घ्यायचे. खांबाखांबांवरून मला पटांगणापासून खोलीच्या दारापर्यंत ताणून बांधले, तेव्हा मी वाऱ्यावर हळूच गुणगुणलो. अख्ख्या वऱ्हाडात सर्वांत महाग दोर मीच असेन, या विचाराने मी थोडा फुगलोही होतो.

मग संध्याकाळी माणसे येऊ लागली. पुढे बडनेऱ्याला आगगाडी आली आणि अकोल्याचेही पाहुणे येऊ लागले. नत्थुजी सगळ्यांना पटांगणात बसवून सांगत, "चिलीम विझवा. कंदील इथंच ठेवा. दोर धरा अन् एकामागं एक चाला. दिवसा दुर्बिणीले हात लावू नोका, सूर्याकडे तं अजिबात फिरवू नोका." शेवटची ताकीद अकोल्याच्या एका पाहुण्याने हसण्यावारी नेली होती. त्याने दुपारी गुपचूप दुर्बीण सूर्याकडे वळवली. डोळा लावण्याआधीच त्याच्या खांद्यावरच्या उपरण्याला जळून भोक पडले, म्हणून त्याचा डोळा वाचला. ते उपरणे नत्थुजींनी मागून घेतले आणि दारावर टांगले. त्यानंतर ताकीद फार लांबवावी लागत नसे.

मित्रांनो, मी चंद्र जवळून कधीच पाहिला नाही. माझी जागा दाराबाहेर. पण मी तो हातांतून ओळखला. आत जाताना लोकांचे हात मला घट्ट, घामेजलेले लागत. बाहेर येताना तेच हात सैल झालेले असत, अगदी हलके, झोपेत असल्यासारखे. नांगराने घट्टे पडलेले हात, बोंडांच्या टोकांनी ओरखडलेले बायांचे हात, अंगठ्या घातलेले सावकारी हात, सगळे बाहेर येताना सारखेच होऊन जात. एकदा एक म्हातारबाबा माझ्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला आणि पुटपुटला, "तिथं बी डोंगर हायेत बापा, तिथं बी खड्डे हायेत." त्या संध्याकाळी खाली दरीत धुके भरले होते, वर चांदणे झिरपत होते, आणि मधे मी ताणलेला होतो. मला वाटले, माझे एक टोक खांबाला आहे आणि दुसरे चंद्रालाच बांधलेले आहे. दोरालाही स्वप्ने पडतात, हसू नका.

पण याच गुंगीने घोळ केला. चंद्रदर्शन झाले की लोक मला सोडून देत, हात जोडत आणि खोलीला प्रदक्षिणा घालायला निघत. डोंगरावर चढून आलो, चपला काढल्या, दर्शन झाले, मग फेरी न घालता परतायचे कसे? खोलीमागे कडा आहे, हे नत्थुजींनी बसवून सांगितलेले असे. सगळे माना डोलावत आणि बाहेर आल्यावर विसरत.

"अहो, मांगं जाऊ नोका!" नत्थुजी ओरडत.

"देवाले पाठ दाखवून जाऊ काय?" उलटा सवाल येई.

"हे देऊळ नोहे!"

"मंग आमी पाहिलं ते काय होतं?"

शेवटी नत्थुजींनी माझे उरलेले टोक खोलीमागच्या वाटेवर आडवे बांधले. लोक काय करत? देवळाच्या बुटक्या दारातून जावे तसे डोके लववून माझ्याखालून पलीकडे जात. काही जण तर जाताना मला नमस्कार करत. आपल्याला अडवणाऱ्याला कुणी असे हात जोडले तर त्याने करावे तरी काय?

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी मैनाबाईची आई पार्बताबाई भातकुलीहून आली. आयुष्यभर भाजीची पाटी डोक्यावर वाहिलेली ती बाई, मान कायम ताठ आणि नजर समोर. वर बघायची तिला सवयच नव्हती. मैनाबाईने तिचा हात धरून माझ्यावर ठेवला. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. मैनाबाई पुढच्या बाईला आत सोडायला वळली, तेवढ्यात पार्बताबाई फेरीला निघाली. माझ्याखालून ती वाकून गेली. दोन पावले टाकली असतील, तोच पायाखालचा मुरूम सरकला.

पडता पडता तिच्या हाताला मी लागलो. तिने दोन्ही मुठींनी मला आवळले. तिचे अर्धे अंग कड्याबाहेर, खाली काळी दरी, आणि सगळा भार माझ्यावर. माझी एक पेड तटकन तुटली. मित्रांनो, मला तेव्हा फार भीती वाटली. माझ्यात इतक्या प्रेमाने पीळ भरला होता, तो आता उलगडतो की काय असे झाले.

"माय व, हात सोडू नोको!" मैनाबाई किंचाळत धावली.

"नाही सोडत," खालून आवाज आला. "मऊ हाये."

नत्थुजी आणि मैनाबाईने मिळून तिला वर ओढले. गुडघे सोलवटले होते, बाकी ती धड होती. मैनाबाई आईला छातीशी धरून लहान मुलीसारखी रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालराव वर आले. माझी तुटलेली पेड त्यांनी बोटांत धरली. मग नत्थुजींना म्हणाले, "दुर्बीण बांधून ठेवा. खोलीले कुलूप घाला. चंद्र पाहाच्या पायी कोणाचा जीव जावा, असं मले नाही चालत." ज्या माणसाने एवढ्या हौसेने लोकांना आभाळ दाखवले, त्यालाच ते झाकावे लागत होते. नत्थुजी माझ्या गाठी खांबांवरून सोडू लागले.

झोपडीच्या दाराशी पार्बताबाई गुडघ्यांना हळद लावून बसली होती. ती एकदम तडकली.

"कुलूप काहून? अन् माही फेरी अर्धीच राहिली, तिचं काय?"

"माय, तू जित्ती राहिली हेच लय झालं," मैनाबाई म्हणाली.

"अर्धी फेरी टाकून मी गावाले जात नाही. जवाई, दोर सोडू नोका तुमी!"

मैनाबाई आईकडे वळली. मग हळूच म्हणाली, "माय, अर्धी फेरी तं महादेवाले असते."

हे तुम्हालाही ठाऊक असेल, मित्रांनो. महादेवाच्या देवळात पिंडीचे पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडते, ती कुणी ओलांडत नाही. तिथवर जायचे आणि आल्या वाटेने मागे फिरायचे. तीच तिथली पुरी फेरी. हे लहान पोरालाही सांगावे लागत नाही, पाय आपोआप थांबतात.

"पाटील," मैनाबाई उठून उभी राहिली, "चंद्र कोणाच्या डोक्यावर असते? महादेवाच्याच ना? मंग ही जागा त्याचीच. छपराचं पाणी खोलीच्या मांगं पडतेच. तिथं दगडाची पन्हळ करा. लोक तुमचं आयकत नाहीत, आमचं आयकत नाहीत, पन्हळीचं आयकतीन."

नत्थुजी म्हणाले, "लोक उजवीकडून येतीन, डावीकडूनबी येतीन. एका पन्हळीनं भागत नाही."

"मंग दोन करा. एक इकडच्यायले, एक तिकडच्यायले."

खुशालरावांनी विचारले, "ही देवाची फसवणूक तं नाही होत?"

"फसवणूक कायची?" पार्बताबाई म्हणाली. "पाणी तोच पाडते. तुमी खाली दगड ठेवला, येवढंच. अन् लेकरं कड्यावरून पडावी असं त्याले वाटते काय?"

चुना कालवला गेला, दगड आले. कड्याची वाट जिथे सुरू होते तिथे, तिच्या दोन्ही टोकांना, दोन पन्हळी बसल्या. माझी तुटलेली पेड मैनाबाईने नव्या सुताने सांधली. त्या जागी मी जरा जाड झालो आणि नवे सूत पांढरे, बाकीचा मी मळकट. पण मला तो भाग सर्वांत आवडतो. या वेळी त्यांनी मला आडवा बांधला नाही. भिंतीच्या कडेने, फेरीच्या वाटेवर, पन्हळीपर्यंत सोबत करायला बांधले.

चंद्राची कोर दिसली त्या संध्याकाळी पटांगण भरले होते. लोक ऐकतील की नाही, कुणालाच ठाऊक नव्हते. खुशालराव दाराशी उभे होते, त्यांनी एक हात माझ्यावर ठेवला होता. लोक वळले नाहीत तर घालायच्या कुलपाची किल्ली त्यांच्या दुसऱ्या हातात होती. सर्वांत आधी पार्बताबाई गेली. दर्शन घेऊन बाहेर आली, मला धरले, आणि लंगडत फेरीला निघाली. मैनाबाईने पन्हळीत घागरभर पाणी ओतून ठेवले होते. पार्बताबाईच्या पायाला ओल लागली. ती थांबली. वाकून ते पाणी तिने डोळ्यांना लावले आणि मागे वळली.

तिच्यामागचा गडी वळला. त्याच्यामागची बाई वळली. पहिल्यांदाच आलेले पाहुणेही, कुणी काही न सांगता, पाण्यापाशी पोचून वळले. चंद्रकोरीच्या उजेडात ती सगळी रांग माझ्या सोबतीने जात होती आणि परत येत होती. खुशालरावांनी किल्ली मैनाबाईच्या ओंजळीत टाकली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

त्यानंतर खूप वर्षे गेली. अमेरिकेतली लढाई संपली होतीच, कापसाचा तो थाटही ओसरला. खुशालराव गेले, नत्थुजी गेले, मैनाबाईही गेली. दुर्बिणीच्या काचेवर बुरशी चढली आणि एक दिवस ती कुणीतरी खाली नेली. खांब पडले, तेव्हा कुणा भल्या माणसाने मला गुंडाळून खुंटीवर ठेवले. उंदरांनी माझे एक टोक कुरतडले आहे. फार एकटे वाटते कधी कधी.

पण अजून लोक येतात. इथून काय दिसायचे हे त्यांना ठाऊक नसते. ते नुसते हात जोडतात, खोलीभोवती निघतात आणि पन्हळ आली की मागे फिरतात. का फिरतात, हे त्यांतल्या एकालाही सांगता येणार नाही. खुंटीवरून मी त्यांची पावले ऐकतो. जातात, थांबतात, परत येतात. पन्हळी बसल्यापासून कड्यावर कुणाचाही पाय घसरलेला नाही.

म्हणून मित्रांनो, एकच मागणे आहे. डोंगरावर, गडावर, विहिरीच्या काठावर कुठे दोर बांधलेला दिसला, तर त्याला हसू नका, त्याच्याखालून वाकून जाऊ नका. तो धरा. तो बांधणाऱ्या माणसाला तुमचे नाव माहीत नव्हते, तरी तुम्ही घरी परत यावे असे त्याला वाटले होते. आणि इथे आलात तर माझी ती पांढरी, जाडसर जागा एकदा हातात धरून बघा. अजून मऊ आहे.