बुधवारचा दुसरा कप

चष्म्याच्या दुकानात तिला सगळे भिंगबाई म्हणत, आणि ते काही नुसत्या धंद्यामुळे नव्हे. काचेवरचा केसाएवढा ओरखडा ती हातभर अंतरावरून पकडायची, माणसांतला त्याहूनही लवकर. अशा बाईला आपल्याच फळीवर दोन ओले कप सापडावेत, हे ते ठेवणाऱ्याचं दुर्दैव.

बुधवारची संध्याकाळ होती. ती कामावरून आली तेव्हा घरात एकच माणूस होतं, आणि ते सहा वर्षं अंथरुणाला खिळलेलं. नवऱ्याची मोठी बहीण, ताई. त्यांच्या आजाराचं नाव इतकं लांबलचक होतं की घरात ते कुणी पुरतं उच्चारत नसे. जरा बळ खर्चलं की शरीर संप पुकारायचं. मग उजेड सोसत नाही, बोलणं सोसत नाही, मान उचलत नाही. सकाळी थर्मासमधला चहा, डबा, पाणी असं सगळं त्यांच्या उशाशी ठेवूनच भिंगबाई घराबाहेर पडायची. मग फळीवरचा कप ओला कसा? बरं, एक समजून घेऊ. दुसरा कुणाचा?

मनात पाल चुकचुकली, आणि एकदा ती चुकचुकली की भिंगबाईला झोप कुठली. हळूहळू एकेक दिसू लागलं. दूध दर बुधवारी कमी व्हायचं. ताईंच्या पलंगाजवळची खुर्ची इतकी मागे सरकलेली असायची, की तिथे बसणाऱ्याचे पाय घरातल्या कुणाहीपेक्षा लांब असले पाहिजेत. आणि गुरुवार तर विचारूच नका. गुरुवारी तिची सुट्टी, चादरी धुवायचा दिवस. नेमक्या त्याच दिवशी ताई भिंतीकडे तोंड करून अशा पडायच्या, की साध्या टॉवेलची घडीसुद्धा व्हायची नाही.

"झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही," चादर पिळताना ती स्वतःशीच म्हणाली.

राग उगाच नव्हता. दुकानाच्या मालकांना नव्या शाखेचा कारभार तिच्या हाती द्यायचा होता. तिने नाही म्हटलं होतं, कारण तिथून घरी यायला रात्र झाली असती, आणि ताईंचं करणार कोण? मालक म्हणाले, पुढच्या शुक्रवारपर्यंत विचार करा. आता या बाई उठून कुणाला चहा पाजत असतील, तर आपण नाही तरी कुणासाठी म्हणायचं? नवऱ्याला सांगायलाच हवं होतं. पण त्याच्या लेखी ताई म्हणजे गरीब गाय; पुराव्याशिवाय तो ऐकणार नव्हता.

पुढच्या बुधवारी ती नेहमीसारखी निघाली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारीच परतली. किल्ली हळू फिरवली, चपला हातात घेतल्या आणि स्वतःच्याच घरात चोरपावलांनी शिरली.

आतून पुरुषाचा आवाज आला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती दाराआडून बघू लागली. स्वयंपाकघरात ताई स्टुलावर बसून, ओट्याला कोपर टेकवून चहा ढवळत होत्या. मध्येच चमचा सोडून कपाळ हातावर टेकायच्या, दम घ्यायच्या, पुन्हा चमचा उचलायच्या. पलीकडे, पलंगाजवळच्या खुर्चीत पाय लांब करून एक धिप्पाड माणूस बसला होता आणि रुमालाने डोळे पुसत होता.

"मी करतो ना चहा," तो म्हणाला.

"बसा. पाहुणे आहात."

"बस चालवायचो हो मी. आता तुमचाच आजार मला, बसची पायरी चढवत नाही. दवाखान्यात तुम्ही भेटला नसता तर..."

"पहिलं वर्ष मीही रडण्यात घालवलं," ताई म्हणाल्या. "रडायलाही बळ लागतं, ते फुकट जातं. आठवड्याला एक काम निवडायचं. एकच. माझं म्हणजे हा चहा."

"उद्या त्रास होईल तुम्हाला."

"उद्या मी मेल्यासारखी पडणार. पण आज माझ्याकडे कुणीतरी आलं आणि मी त्याला चहा करून दिला. सहा वर्षं माझ्या हातात नुसते भरलेले कप येताहेत."

उद्या म्हणजे गुरुवार. भिंगबाईला हातातल्या चपला एकदम जड वाटल्या.

"घरी का नाही सांगत?" ड्रायव्हरने विचारलं.

"माणूस एकदा उभं दिसलं, की लोक म्हणतात, मग रोज का नाही?"

"आणि भावजयीला कळलं तर?"

ताई हसल्या. "तिला संशय आलाय. मागच्या बुधवारी कप हुंगत होती. येऊ दे. भाऊ माझी कीव करतो, डॉक्टर करतात, शेजारी तर दारातूनच करतात. मी काही लपवीन, कुणाला फसवीन, एवढा दम माझ्यात आहे असं जगात तिला एकटीलाच वाटतं. ती तसं बघते ना, तेव्हा मला जिवंत असल्यासारखं वाटतं."

भिंगबाई आली तशी परत फिरली. दाराबाहेर येताच तिला रडू आलं, आणि लाज तर इतकी वाटली की संध्याकाळपर्यंत ती रस्त्यांवरून नुसती चालत राहिली.

गुरुवारी तिने चादरी तशाच ठेवल्या. ताईंच्या खोलीचा पडदा ओढला, चमच्याने पाणी पाजलं. ताईंना घोट गिळतानाही कळ येत होती. इतकी वर्षं हा चेहरा समोर होता, आणि इतक्या बारीक नजरेच्या बाईने तो नीट बघितलाच नव्हता. मग तिने चहाचा डबा वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आणला, स्टुलावर बसूनही हाताला लागेल असा.

रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "उद्या मी मालकांना हो सांगणार आहे. संध्याकाळी लवकर घरी तुम्ही यायचं." तो काही बोलायच्या आत, आतल्या खोलीत ऐकू जाईल इतपतच आवाजात तिने पुढचं सांगितलं. "आणि दूध पुन्हा कमी झालंय. माझा ताईंवर संशय आहे."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "अगं, काहीतरीच काय? ती बिचारी स्वतःचं पाणी तरी घेऊ शकते का?"

"बिचारी म्हणू नका त्यांना. तुम्ही ओळखत नाही. त्या काहीही करू शकतात."

आतल्या अंधारात, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या ताईंचे खांदे किंचित हलले. हसायलाही बळ लागतं. तेवढं त्यांनी खर्च केलं.