लोकरीचा वास

“भाऊजी, हे ऐकाच,” म्हणत मेहुण्याने वाइनची यादी नाकासमोर धरली आणि शाळेत धडा वाचावा तसा वाचू लागला. “‘जुन्या ट्रंकेतून काढलेल्या लोकरीचा उबदार गंध, मागून हलकेच येणारी संत्र्याची साल.’ अहो, ही वाइन आहे की थंडीची तयारी?”

परीक्षक हसले. हसू नये असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. नियम तीनच होते. ओळख सांगायची नाही, सोबत एक माणूस आणायचा आणि उठण्याआधी, जागेवरच, शाईने फॉर्म भरायचा. शंभरपैकी सत्तर गुण मिळाले की हॉटेलच्या दारावर ‘उत्तम वाइन-यादी’ची पितळी पट्टी लागायची. सोबतीला ते दरवेळी मेहुण्यालाच आणत. तो रंगाच्या दुकानात विक्रीला होता आणि वाइनमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण फुकटच्या जेवणाला त्याने आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

हॉटेल लाँड्रीच्या शेजारचं, कोपऱ्यावरचं. नॅपकिन कापडी, पण टेबलावर कापड नाही. माणूस वाढदिवसालाही यावा आणि घरी स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणूनही यावा, अशा बेताचं. दुपारची गर्दी ओसरली होती. खिडकीशी एक म्हातारं जोडपं सूप पीत बसलं होतं, तेवढंच.

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. निवड चांगली होती. कुणीतरी जीव लावून बाटल्या जमवल्या होत्या. तीसपैकी सव्वीस. किमती रास्त, वीसपैकी सतरा. वाढणाऱ्या बाईंचा हात स्थिर होता आणि तोंड बेताचं चालत होतं. सेवेचे वीसपैकी अठरा. राहिलं वर्णन. तिथे त्यांनी तीसपैकी सात दिले आणि शेरा लिहिला, ‘वर्णन करणाऱ्याने बाटली उघडलेली दिसत नाही.’ शेरा त्यांना आवडला. बेरीज अडुसष्ट झाली.

“दोनाने गेलं की बिचारं,” मेहुणा म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुणाच्या तरी बैठकीच्या भिंतीला भलताच रंग लागला होता. “नाही हो काका, वाळला की उतरतो तो,” असं काहीबाही सांगत तो बाहेर गेला.

बाई जणू त्याच्या जाण्याचीच वाट पाहत होत्या. पंचेचाळिशीच्या असतील. गळ्यात दोरीला चष्मा, कमरेला करडा एप्रन. हॉटेलातले सगळे त्यांना ताई म्हणत.

“सर, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचारा की.”

“तुम्ही ‘पेला’ सदरवाले ना? आल्या आल्या ओळखलं. फोटोत मिशी काळी होती, एवढंच.”

परीक्षकांनी फॉर्म पालथा घातला. कानाची पाळी गरम झाली, पण ती आनंदानेच. एका साप्ताहिकात तेरा वर्षं त्यांनी ते वाइनवरचं सदर चालवलं होतं. खरं तर ते तिथले मुद्रितशोधक. आधीचा लेखक भांडून गेला, आणि संपादकांनी रिकामं सदर यांच्या गळ्यात मारलं. त्याच्याच जोरावर पुढे परीक्षकपण चालत आलं. सदर बंद होऊन चार वर्षं झाली होती, आणि इतक्यात कुणी त्याचं नावही काढलेलं नव्हतं.

“बोलायचं नसतं, ठाऊक आहे मला,” ताई म्हणाल्या. “पण तुम्ही परत कधी यायचात!” त्यांनी एप्रनच्या खिशातून एक लांबट वही काढली. तिच्या पानापानावर कात्रणं चिकटवलेली होती. “यादी मीच केलीये. वर्णनं मात्र तुमची. मला कुठलं येतंय असलं लिहिता? मालक म्हणाले, पट्टी लागली तर वाइनचं सगळं तुझ्याकडे. नाही लागली तर वाइन कंपनीचा माणूस छापील यादी घेऊन बसलाच आहे. मग मी आहे आणि माझी उष्टी ताटं.”

परीक्षकांनी वही हातात घेतली. जुनी ट्रंक, लोकर, संत्र्याची साल. शब्द त्यांचेच होते, वर टिकलीएवढा फोटोही त्यांचाच. आणि मग ती संध्याकाळ त्यांना लख्ख आठवली. संपादकांचा फोन येऊन गेला होता. कंपनीचं माहितीपत्रक चहाच्या कपाखाली पडलं होतं. बाटली आलेली होती, ती कपाटात तशीच सीलबंद. बायकोने स्वेटर काढायला ट्रंक उघडली होती आणि लेक त्याच टेबलावर संत्रं सोलत होती. पंधरा मिनिटांत त्यांनी मजकूर हातावेगळा केला होता. तो वास वाइनचा नव्हता, त्यांच्या घराचा होता.

कात्रणाखाली बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘मला: आंबट आलुबुखार. गंजलेली चावी.’ आणि त्यापुढे लाल पेनाने, ‘चूक’. त्यांनी पान उलटलं. पुढचं कात्रण, खाली पेन्सिल, पुढे लाल ‘चूक’. पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्या पानावरही तेच.

“बाटलीत घोटभर उरलं की मी आधी हुंगून बघते, लिहिते, आणि मग तुमचं वाचते,” ताई म्हणाल्या. “एकदासुद्धा जुळलं नाही बघा. गिऱ्हाइकाला आपलं तुमचंच सांगते. आज तुम्ही आलाच आहात, तर मला ती लोकर एकदा दाखवा ना. नेमकी कुठे असते ती?”

उत्तराची वाट न पाहता त्यांनी बाटली आणली, थेंबही न सांडता ओतली आणि उभ्या राहिल्या.

परीक्षकांनी ग्लास नाकाशी नेला. परीक्षक झाल्यापासून पिऊन पिऊन त्यांना थोडंबहुत कळू लागलं होतं, हे खरं. आलुबुखार होता, आंबट. आणि मागे चावी. जुन्या कुलपाची चावी बराच वेळ मुठीत धरल्यावर तळहाताला येतो तो वास.

“येतेय?” ताईंनी विचारलं.

“येतेय,” ते म्हणाले. “फार पुसट आहे पण. सवय लागते त्याला.”

ताईंनी मान हलवली. “म्हणजे माझंच नाक बधिर. बरं झालं, एकदाचं कळलं तरी. मालकांना सांगून टाकते, कंपनीची यादी घ्या म्हणून. लोकांची फसवणूक नको.” त्यांनी वही मिटली आणि तिला रबर लावला.

परीक्षकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेरा वर्षांत कुणी त्यांना पकडलं नव्हतं, आणि पकडलं नाही म्हणजे कुणाचं काही बिघडलं नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. बिघडलेलं समोर उभं होतं, आणि वर आभार मानत होतं.

“थांबा,” ते म्हणाले. “लोकर नाही त्यात. कधीच नव्हती.”

ताईंनी ग्लासकडे पाहिलं.

“मी ती बाटली उघडलीच नव्हती. घरात ट्रंक उघडी होती, तिचा वास येत होता. तोच लिहून टाकला.”

“आणि बाकीची?”

“बाकीचीही. बरीचशी.” त्यांनी ग्लास खाली ठेवला. “सगळीच.”

ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्याच टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. “एक आजोबा तर म्हणाले होते, हो हो, लोकर आहे खरी,” त्या म्हणाल्या. “त्या रात्री मला झोप नव्हती.”

“तुमचं बरोबर आहे, ताई. आलुबुखार आहे, चावीही आहे. द्या ती वही, मी ते ‘चूक’ खोडतो.”

“नको.” त्यांनी वही खिशात घातली. “माझ्या वहीत नको, सर.”

परीक्षकांनी फॉर्म उलटा केला. दोन गुण वाढवायचे, तर ते स्वतःच्याच वाक्यांना द्यायचे. न वाढवायचे, तर नापास ताई. आपला शेरा त्यांनी पुन्हा वाचला. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. त्याखाली त्यांनी लिहिलं, ‘ही वर्णनं मी स्वतः, बाटली न उघडता लिहिलेली आहेत. फेरपरीक्षा दुसऱ्या परीक्षकाने घ्यावी.’ सही केली. यानंतर त्यांना कुणी परीक्षेला पाठवणार नव्हतं, आणि ‘तुम्हाला काय वाटतं’ असं गल्लीत त्यांना विचारलं जायचं ते या एकाच बाबतीत.

फॉर्म त्यांनी ताईंकडे सरकवला. ताईंनी चष्मा लावून तो वाचला आणि परत त्यांच्यासमोर ठेवला.

“अहो ताई,” खिडकीतल्या आजींनी हाक मारली. “ही कशी असते हो?” त्यांचं बोट यादीतल्या एका ओळीवर होतं.

ताई तिथे गेल्या. ओळीकडे त्यांनी पाहिलं, आणि मग चष्मा काढून गळ्यात सोडला.

“आलुबुखारासारखी, आंबटसर,” त्या म्हणाल्या. “आणि मागून गंजलेल्या चावीसारखा वास येतो.”

“चावी?”

“हो. नको असेल तर दुसरी देते.”

“नको कशाला? आणा, बघू तर खरं.”

बाटली परीक्षकांच्याच टेबलावर होती. ताई ती न्यायला आल्या. परीक्षकांचा ग्लास अजून भरलेलाच होता. ताईंनी तो दांडीला धरून उचलला.

“तुमचं झालं ना, सर?”

“झालं,” परीक्षक म्हणाले.