पेटी लॉज

लक्ष्मीनारायणराव मालवाहू बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. १९८४ साली त्यांची बोट ओसाकाच्या गोदीत दुरुस्तीला लागली, तेव्हा कंपनीने सगळ्यांना शहरातल्या एका स्वस्त हॉटेलात ठेवलं. तिथे खोल्या नव्हत्या. लांबच लांब भिंतीत एकावर एक पेट्या बसवलेल्या होत्या. प्रत्येक पेटीत एक गादी, उशाशी दिवा, पायाशी पडदा. बाकीचे खलाशी लगेच कंटाळले. रावांनी मात्र पडदा ओढून घेतला आणि ते आडवे झाले, तेव्हा त्यांना वाटलं की एवढी एकट्याची जागा आपल्याला आजवर कधी मिळालीच नव्हती. लहानपणी कुंभकोणमच्या घरात सगळी भावंडं एका रांगेत झोपत. पुढे बोटीवरची केबिनही कायम कुणाबरोबर तरी वाटून घ्यावी लागे.

दोन वर्षांनी नोकरी सोडून ते गावी परतले. महामहम तळ्यामागच्या गल्लीत, राहत्या घराला लागून, वडिलांचं रेशमाच्या सुताचं गोदाम रिकामं पडलं होतं. रावांनी सुतार लावून तिथे तशाच पेट्या करून घेतल्या. इथला उकाडा लक्षात घेऊन उशाकडच्या फळीला जाळी ठेवली, छताला मोठे पंखे लावले. पडद्याऐवजी सरकतं दार बसवलं आणि दाराला आतून कडी. एकट्या फिरणाऱ्या माणसाला अख्ख्या खोलीचं भाडं परवडत नाही, त्याची इथे सोय होईल, असं त्यांच्या मनात होतं.

त्यांची बायको वेदवती पदराला हात पुसत बघायला आली.

“हें माणसांस निजायास केलें, कीं भांडीं ठेवायास?” तिने विचारलं.

त्यांच्या घरात ही अशीच मराठी चाले. पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आले, तेव्हाची बोली घरात तशीच राहिली होती. उंबरठ्याबाहेर सगळा व्यवहार तमिळमध्ये.

गावाने त्या जागेला ‘पेटी लॉज’ हे नाव दिलं आणि तिकडे पाठ फिरवली. कुंभकोणमला येणारे यात्रेकरू कुटुंबकबिल्यासह येत. एका सतरंजीवर बसून डबे सोडावेत, रात्री तिथेच एकमेकांशेजारी लवंडावं, ही त्यांची रीत. नवरा एका पेटीत आणि बायको दुसऱ्या पेटीत, असं झोपायला कोण तयार होणार? औषध कंपन्यांचे फिरते विक्रेते अधूनमधून येत. त्यांतला एक जाताना म्हणाला, की आपल्याला कपाटाच्या खणात घालून ठेवलंय असं स्वप्न पडलं. राव स्वतः मात्र रोज दुपारी जेवण झालं की एका पेटीत जाऊन पडत.

१९८८च्या एप्रिलमध्ये धनलक्ष्मी नावाची शिक्षिका बॅग घेऊन दारात उभी राहिली. ती सेलमहून बोर्डाचे पेपर तपासायला आली होती.

“एकट्याच?” रावांनी विचारलं.

“एकटीच.”

“बरोबर कुणी...”

“बरोबर कुणी असतं तर मी तुमच्यापर्यंत आले असते का? बस स्टँडपासून सगळ्या लॉजवाल्यांनी हाच प्रश्न विचारला आणि खोली नाही म्हणून सांगितलं.”

रावांनी समजावलं की हॉल एकच आहे, आत दोन विक्रेते उतरलेले आहेत, ते बरं दिसणार नाही. घराकडच्या दारात उभी राहून वेदवती हे ऐकत होती.

“त्या दोघांस दुसरीकडे पाठवा,” ती नवऱ्याला म्हणाली.

“त्यांणीं आधीं येऊन जागा घेतली आहे.”

“त्यांस कोठेंहि घेतील. हीस कोण घेईल?”

राव आत जाऊन विक्रेत्यांशी बोलले. विक्रेते कुरकुरत निघून गेले. धनलक्ष्मीने दुसऱ्या दिवशी पेपर तपासणाऱ्या आणखी काही बायका आणल्या. त्या एका नातेवाइकाच्या व्हरांड्यात अंग चोरून राहत होत्या. उन्हाळा संपेपर्यंत बाहेर पाटी लागली: फक्त स्त्रियांसाठी. मग येणाऱ्यांची ददात राहिली नाही. बदली होऊन आलेल्या कारकून, नवग्रहांच्या देवळांना नवस बोलून एकट्या निघालेल्या मुली, दवाखान्यात कुणी असलेल्या बायका, नाचियार्कोविलला पितळेच्या समया घ्यायला येणारी मदुरैची एक व्यापारीण. हॉलच्या किल्ल्या वेदवतीच्या कमरेला गेल्या. रावांची दुपारची झोप गेली. ते बाहेर ओट्यावर खुर्ची टाकून बसू लागले आणि आलेल्यांना आत पाठवू लागले.

१९९१च्या जूनमध्ये एका संध्याकाळी सुंदरी नावाची मुलगी कापडी पिशवी घेऊन आली. तिने वेदवतीला सरळ सगळं सांगून टाकलं. तिचं गाव पापनाशमजवळचं. परवा सकाळी तिरुचीला नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत होती, आणि उद्या तिला मागणी घालायला मुलाकडचे येणार होते. घरी थांबली असती तर मुलाखत बुडाली असती. तिरुचीत ओळखीचं कुणी नव्हतं. शाळेसाठी कुंभकोणमला येत असताना ती या पाटीवरून रोज जायची, एवढीच ओळख.

“अप्पांना सांगितलंस?” वेदवतीने विचारलं.

“तीनदा सांगितलं, मामी. ते म्हणाले, आधी लग्न होऊ दे.”

वेदवतीने तिला कोपऱ्यातली वरची पेटी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे वडील येऊन थडकले. राजगोपाल त्यांचं नाव. भाताच्या गिरणीत ते यंत्रं सांभाळत. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी नातेवाइकांची घरं पालथी घातली होती, आणि शेवटी बस स्टँडवर कुणीतरी तिला इकडे येताना पाहिल्याचं सांगितलं होतं. डोळे लाल, शर्टाची बटणं खालीवर.

“माझी मुलगी इथे आहे,” ते रावांना म्हणाले.

“इथे कोण उतरलंय ते मी सांगत नसतो.”

“मग सगळी दारं उघडा. मी बघतो.”

“कड्या आतून आहेत. मला बाहेरून उघडता येत नाहीत.”

“माणसांना पेट्यांत झोपवता? प्रेतं आहेत का ती? आणि कसल्या बायका राहतात इथे?”

हे शेवटचं वाक्य ऐकून वेदवती बाहेर आली. “आत या,” ती म्हणाली. “कसली जागा आहे ते स्वतःच बघा.”

बाकीच्या बायका आपापल्या कामांना गेल्या होत्या. हॉलमध्ये पंखे फिरत होते. सगळी दारं उघडी होती, फक्त कोपऱ्यातलं वरचं बंद होतं. राजगोपाल जाऊन त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांनी दार ठोठावलं नाही.

“सुंदरी, बाहेर ये.”

 मग आतून आवाज आला, “अप्पा, मला मुलाखतीला जायचंय.”

“बाहेर ये, मग बोलू.”

“बाहेर आले की तुम्ही हात धरून घरी न्याल.”

राजगोपालांनी वेदवतीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि मध्ये पडणार नव्हती.

“आत हवा तरी आहे का तुला?” त्यांनी वर बघत विचारलं.

“आहे. खालची पेटी रिकामी आहे, तुम्हीच बघा.”

राजगोपालांनी चपला काढल्या, ते वाकले आणि खालच्या पेटीत शिरले. आधी जाळीला हात लावून पाहिला, मग फळ्या दाबून पाहिल्या, मग पाय आत घेतले. बापलेकींमध्ये आता फक्त एक फळी होती.

“राहणार कुठे तिथे?” खालून प्रश्न आला.

“वसतिगृहात. तिथे ख्रिस्ती नन असतात, कडक असतात म्हणे.”

“आणि रात्रपाळी?”

“असेल.”

“नाही निवड झाली तर?”

“तर मी घरी येईन. मग तुम्ही म्हणाल ते.”

खालचं दार सरकलं आणि कडी लागल्याचा आवाज झाला.  वेदवती घरात गेली आणि तिने लिंबूभात केळीच्या पानात बांधला. ती परत आली तेव्हा सुंदरी वरून उतरत होती. चपला हातात, पिशवी खांद्याला. वेदवतीने भाताची पुडी तिच्या पिशवीत घातली आणि रात्र तिरुचीच्या स्टेशनातल्या बायकांच्या वेटिंग रूममध्ये काढायला हळूच सांगितलं. सुंदरीने खालच्या बंद दाराकडे पाहिलं, वेदवतीच्या पायांना हात लावला आणि ती घराच्या बाजूने बाहेर पडली.

राव ओट्यावरून आत आले. “त्यांस उठवूं काय?”

“कशास? दमले आहेत. निजूं दे.”

“मुलगी गेली म्हणून मागून भांडतील.”

“तेव्हां पाहूं.”

राजगोपाल संध्याकाळी बाहेर आले. वरची पेटी उघडी आणि रिकामी दिसत होती. त्यांनी फक्त विचारलं, “केव्हा गेली?”

“दुपारच्या बसने,” वेदवती म्हणाली.

“झोप लागली मला,” ते म्हणाले. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी आडावर तोंड धुतलं, शर्टाची बटणं नीट लावली आणि ओट्यावर बसून कॉफी घेतली. असलं काही बांधायचं कसं सुचलं, असं त्यांनी रावांना विचारलं. रावांनी ओसाकाचं हॉटेल सांगितलं.

“तिथे मुली एकट्या राहतात?”

“नाही. मी राहिलो तिथे फक्त पुरुषांना घेत.”

राजगोपालांना याचं नवल वाटलेलं दिसलं. राव त्यांना बस स्टँडपर्यंत सोडायला गेले. वाटेत राजगोपाल म्हणाले, “मुलाकडचे येऊन परत गेले असतील आता. माझ्या बायकोने काय सांगितलं असेल कुणास ठाऊक.” तिरुचीची बस पापनाशमवरूनच जाते. ते तिच्यात चढले आणि गर्दीत दिसेनासे झाले.

सुंदरीची निवड झाली. पोंगलच्या सुट्टीत घरून परत जाताना ती मुद्दाम वाट वाकडी करून कुंभकोणमला आली आणि एक रात्र राहिली. अप्पा त्या दिवशी पापनाशमला उतरून थेट मुलाकडच्यांकडे गेले होते आणि त्यांनी हात जोडून नकार कळवला होता, असं तिने सांगितलं. पुढे तिची ट्रंकही त्यांनीच वसतिगृहात पोचवली.

“त्या दुपारबद्दल काही बोलले?” वेदवतीने विचारलं.

“झोप लागली होती म्हणतात. घरी सगळ्यांना तेच सांगितलंय. पण मामी, मी खाली उतरत होते ना, तेव्हा ते आत घसा खाकरत होते. मला ऐकू आलं.”

रात्री जेवायला वाढताना वेदवतीने ते रावांना सांगितलं.

“मला तेव्हांच वाटलें होतें,” राव म्हणाले.

त्यांना तसं काहीही वाटलं नव्हतं, हे वेदवतीला ठाऊक होतं. तिने त्यांच्या पानात आणखी थोडा भात वाढला आणि हॉलच्या पंख्यांना तेल घालायचं राहिलंय, याची आठवण करून दिली.