खिडकीतून बघणाऱ्या डॉक्टर

अण्णांनी उभ्या आयुष्यात स्वतःचं म्हणून एक वाक्य कधी छापायला दिलं नव्हतं. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून बसले, दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दुरुस्त करता करता केस पांढरे झाले, आणि निरोपाच्या समारंभात "मी काय बोलणार" एवढंच भाषण करून खाली बसले. असा माणूस म्हातारपणी लेखक झाला आणि पहिल्याच लेखाने त्याने सगळ्या गल्लीत धुमाकूळ घातला, हे कोणाला सांगून खरं वाटणार नाही. खुद्द अण्णांनाही ते बरेच दिवस खरं वाटत नव्हतं.

त्याचं झालं असं. अण्णांची मुलगी डॉक्टर. दवाखाना गल्लीतच, चष्म्याच्या दुकानावर. जिना चढून गेलं की समोरासमोर दोन दारं, एक हिचं आणि एक दातांच्या डॉक्टरांचं. मुलीच्या हाताला गुण होता, पण जिभेवर साखर नव्हती. पेशंटला नीट तपासायची, सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "काही झालेलं नाही. वेळेवर झोपा, पाणी प्या, रोज चाला. औषध लागणार नाही."

आता माणूस कामावर रजा टाकून, इस्त्रीचे कपडे घालून डॉक्टरकडे जातो, तो काय काही झालेलं नाही हे ऐकायला? वेळेवर झोपा आणि पाणी प्या हे तर त्याची बायको त्याला घरबसल्या ऐकवत असते.

शिवाय आजकाल मनातला राग मनात ठेवायची गरज उरलेली नाही. फोन उघडायचा आणि तारे द्यायचे. दवाखान्याला पाचांपैकी जेमतेम अडीच तारे होते. एकाने लिहिलं होतं, "ताप होता. आराम करा म्हणाल्या. आराम करायचा असता तर घरीच नसतो का राहिलो?" दुसऱ्याने लिहिलं होतं, "खुर्च्या चांगल्या आहेत. एक तारा खुर्च्यांना." तिसरा म्हणत होता, "गाडी लावायला जागा नाही, म्हणून आत गेलोच नाही. डॉक्टरांचा अनुभव वाईट." आणि एका बाईंनी तर कमालच केली होती. "आठवड्यात बरं वाटलं," त्यांनी लिहिलं होतं, "पण आपोआप. दोन तारे."

मुलगी हे काही वाचत नसे. काउंटरवरच्या ताई मात्र रोज सकाळी मोठ्याने वाचून दाखवायच्या, जशा काही बातम्याच. अण्णा मुलीचा डबा घेऊन यायचे, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकायचे आणि डबा त्यांच्या मांडीवर गार व्हायचा.

मग एक दिवस चहा पिताना मुलगी म्हणाली, "अण्णा, मोठ्या हॉस्पिटलमधून बोलावणं आलंय. दुसऱ्या शहरात आहे. इथे हे असंच चालणार असेल तर जावं म्हणते. तुम्हीही चला की."

"मी काय करणार तिकडे? ही एवढी पुस्तकं कुठे हलवू?" अण्णा म्हणाले. "तू जा बाळा. चांगलंच आहे."

चांगलंच आहे म्हणाले आणि पुस्तक तोंडासमोर धरलं. पान काही उलटलं नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्यामागे घरात आवाज होता तो या एका मुलीचा, तोही दाराबाहेर चपला काढण्याचा आणि ताट घेऊन आपल्या खोलीत जाण्याचा. खोलीत तिचे फोन असत, रिपोर्ट असत. पण आवाज तरी होता. तोही गेला तर?

म्हणून अण्णा लेखक झाले.

आधी त्यांना वाटलं, दोन ओळी लिहू. डॉक्टर चांगल्या आहेत, वगैरे. पण ते वाचून त्यांना स्वतःलाच खोटं वाटलं. मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं, मग त्यातलं "अत्यंत" काढलं. दुसऱ्याचा मजकूर एका नजरेत तपासणाऱ्या माणसाला स्वतःचा परिच्छेद काही केल्या पास करवेना. शेवटी एका दुपारी मन घट्ट करून त्यांनी तो टाकला. नाव दिलं "जागा माणूस". मजकूर असा होता:

"मला कित्येक वर्षं झोप नव्हती. या डॉक्टरांनी नाडी पाहिली, मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटलं, विसरल्या. तेवढ्यात वळून म्हणाल्या, 'जेवता कोणाबरोबर?' मी म्हटलं, पुस्तकाबरोबर. पाण्याच्या जगला टेकवून ठेवतो. त्या म्हणाल्या, 'पुस्तक राहू द्या. माणसाबरोबर जेवा आणि मग त्याच माणसाबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत फिरून या.' एवढंच. गोळी नाही. आता मला झोप लागते."

खाली तारे दिले चार. पाचव्यावर बोट गेलं होतं, पण धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी तो वाचून दाखवला आणि वाचता वाचता त्यांचा आवाज हळू होत गेला. "बघा बाई," त्या म्हणाल्या, "आपल्याकडे असं चालतं आणि मलाच माहीत नाही!" अण्णांनी वर्तमानपत्र इतकं वर उचललं की पलीकडून फक्त टक्कल दिसत होतं.

मग काय, हा हा म्हणता तो मजकूर फोनाफोनांतून फिरला. जिन्यावर रांग लागली. पण अण्णांच्या लेखातलं लोकांनी उचललं काय? माणसाबरोबर जेवा हे नाही. फिरून या हेही नाही. लोकांनी उचलली खिडकी.

आता त्या खिडकीतून दिसायचं काय, तर शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आणि टाकीवर बसलेला एक कावळा. तरी बाहेरच्या बाकावर चर्चा अशी चालायची, जशी काही तिथून समुद्र दिसतो.

"माझ्या वेळी नीट बघितलं बाहेर," बँकेतले कॅशियर सांगायचे. "चांगला वेळ घेतला. तेव्हाच माझी निम्मी अ‍ॅसिडिटी गेली."

"माझ्या वेळी नाही हो बघितलं," शिवणकाम करणाऱ्या बाई कुरकुरल्या. "खिडकीकडे पाठच होती त्यांची. नुसतं तपासलं."

"मग पुन्हा नंबर लावा. बीपी आहे ना तुम्हाला? बीपीला खिडकी लागतेच."

"आमचे हे आता घरीच करतात. सकाळी उपाशीपोटी खिडकी आणि वर कोमट पाणी."

"चुकतंय तुमचं. कोमट पाणी आधी, खिडकी नंतर. उलटं केलं की डोकं धरतं."

"अगं बाई! तरीच म्हटलं यांचं डोकं आठवडाभर का दुखतंय."

दातांचे डॉक्टर काय गप्प बसणार होते? त्यांच्या खोलीला खिडकी नव्हती. त्यांनी सरळ भिंतभर एका खिडकीचं चित्रच चिकटवून घेतलं. खिडकीत डोंगर, तळं, वर ढग. लगेच त्यांना अभिप्राय आला, "खिडकी अप्रतिम. दाढ अजून दुखते. पाच तारे."

इकडे मुलीची मात्र चिडचिड वाढत चालली. "अण्णा, लोकांना झालंय तरी काय?" एकदा डबा उघडताना ती म्हणाली. "मी घसा बघते आणि ते माझ्या डोळ्यांकडे बघतात. आज तर मी सहज मान वळवली, टाकी वाहत होती म्हणून, तर आजीबाई हात जोडून म्हणाल्या, झालं, कळलं हो तुम्हाला!"

"असं का करत असतील?" अण्णा म्हणाले आणि डब्याचं झाकण धुवायला गेले. झाकण स्वच्छच होतं.

दवाखान्याचे तारे चारावर गेले. हॉस्पिटलचा विषय निघेनासा झाला. अण्णांच्या मनात येई, सांगून टाकावं. पण लगेच दुसरं मन म्हणे, चाललंय ना? लेक इथेच आहे ना? मग लाल शाई कशाला काढतोस?

आणि मग ड्रायव्हिंग स्कूलचे मालक आले. आडव्या अंगाचे, मोठ्या आवाजाचे. जिना चढून दमले होते, छातीवर हात होता. अण्णा कोपऱ्यातच होते, दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

मुलीने त्यांना बराच वेळ तपासलं. मग म्हणाली, "आत्ताच्या आत्ता कार्डिओग्राम काढायचा. चिठ्ठी देते. चालत जायचं नाही, रिक्षा करा."

"ते काढू हो. आधी जरा बाहेर बघा ना."

"बाहेर काय बघू? तुम्ही इथे आत आहात."

"नाही, म्हणजे आमच्या मेहुण्याच्या वेळी बघितलं होतं तुम्ही. मला वगळता होय? सगळ्यांना सारखीच फी आहे ना?"

"अहो, तुमच्या छातीत दुखतंय!"

"म्हणून तर म्हणतोय, बघा!"

मालक ताडकन उठले, चिठ्ठी टेबलावर तशीच टाकली आणि समोरच्या दारात शिरले. "इकडची खिडकी तरी मोठी आहे," असं त्यांचं वाक्य जिन्यात घुमलं. काउंटरवरच्या ताई धावल्या, मुलगी धावली, आणि तळं नि डोंगर बघत बसलेल्या मालकांना दोघींनी दातांच्या खुर्चीवरून उठवलं आणि रिक्षाने जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. कार्डिओग्राम निघाला. वेळेवर निघाला, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मालक वाचले आणि त्यांनी हॉस्पिटलच्या पलंगावरूनच अभिप्राय लिहिला, "डॉक्टरांनी धक्काबुक्की केली. खिडकीतून बघितलं नाही. एक तारा."

अण्णा मात्र डबा मांडीवर घेऊन तसेच कोपऱ्यात बसून राहिले. आपण एक वाक्य लिहिलं आणि त्या वाक्यापायी एक माणूस जाता जाता राहिला. छापखान्यात इतकी वर्षं काढली, पण इतकी मोठी चूक त्यांच्या हातून सुटली नव्हती.

संध्याकाळी मुलगी घरी आली ती ठरवूनच. चपला काढताना म्हणाली, "अण्णा, मी उद्या हॉस्पिटलला हो कळवते."

"का गं? आता तर रांगा लागतात."

"माझ्याकडे कुठे लागतात? खिडकीकडे लागतात. खोट्यावर चाललेला दवाखाना नको मला, त्यापेक्षा अडीच तारे परवडले. कोण तो जागा माणूस, मला आठवतच नाही. ताईंनी वाचलं तेव्हा मी कानावर घेतलं नाही, आता नीट वाचते आणि त्याला उत्तर लिहिते, की बाबा रे, असं काही घडलं नाही."

अण्णा उठून स्वयंपाकघरात गेले. त्यांनी तिचं ताट वाढलं. ती ताट घेऊन खोलीत गेली, दार लोटून घेतलं. अण्णांनी स्वतःचं वाढून घेतलं आणि सवयीने, काही एक विचार न करता, पुस्तक पाण्याच्या जगला टेकवलं.

मुलगी पाणी न्यायला विसरली होती. ती एका हातात फोन आणि एका हातात रिकामा पेला घेऊन बाहेर आली. फोनवर तो मजकूर उघडा होता. ती टेबलापाशी आली, जगला हात घातला आणि थांबली. पुस्तक होतं. जग होता. पुस्तकामागे अण्णा होते, हातातला घास हातातच. तिने फोनकडे पाहिलं, मग पुन्हा जगकडे.

तिने रिकामा पेला टेबलावर ठेवला.

"रोज असंच जेवता?" तिने विचारलं.

"अधूनमधून," अण्णा म्हणाले. मग म्हणाले, "रोज."

"आणि झोप?"

"ती मात्र खोटी लिहिली. लागत नाही. वाटलं होतं, तू जाऊ नयेस म्हणून... मी काढून टाकतो ते. आत्ता काढतो. मला तेवढं येतं." त्यांनी चष्मा शोधायला सुरुवात केली. चष्मा डोळ्यांवरच होता.

मुलीला रागवायचं होतं. तोंडही तसं झालं होतं. पण ती खोलीत गेली, आपलं ताट घेऊन परत आली आणि समोर बसली. पुस्तक उचललं, खूण घालून बाजूला ठेवलं. अण्णांनी तिच्यादेखत मजकूर काढून टाकला.

"चारच तारे का दिलेत?" जेवता जेवता तिने विचारलं. "स्वतःच्या लेकीला?"

"दवाखान्यातला पंखा फार आवाज करतो गं," अण्णा म्हणाले. "ते एक मला खोटं लिहवेना."

तिला ठसका लागला. हसण्याचा होता, पण अण्णांनी पाणी दिलं.

जेवण झाल्यावर दोघं गल्लीच्या टोकापर्यंत गेली. चष्म्याचं दुकान बंद होत होतं. जिन्यातून वर पाहिलं तर दातांच्या डॉक्टरांच्या उघड्या दारातून त्यांचा डोंगर दिव्यात चमकत होता. अण्णा दोनदा विचारायला गेले आणि दोनदा दुकानांच्या पाट्या वाचत राहिले. शेवटी टोकाला पोचल्यावर, रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, "मग उद्या त्या हॉस्पिटलला..."

मुलीने त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडी बघत ती थोडा वेळ दवाखान्याशेजारच्या अंधाऱ्या टाकीकडे बघत राहिली. मुद्दाम बघत राहिली, हे अण्णांना कळलं.

"काही झालेलं नाही," ती म्हणाली. "रोज जेवण माझ्याबरोबर. रोज इथपर्यंत चालणं. औषध लागणार नाही. महिन्याने पुन्हा दाखवायला या. दवाखान्यात. मी आहे."

दुसऱ्या दिवशी तारे घसरायला लागले. महिनाभरात ते पुन्हा अडीचवर आले. ताईंनी वाचून दाखवलं, "पूर्वी इथे खिडकी होती, आता नुसता इलाज करतात." कोपऱ्यातल्या खुर्चीत अण्णा वाट बघत बसले होते. या खेपेला त्यांनी रीतसर नंबर लावला होता.