दहा पावलांचं अंतर

देवधारा धबधब्याच्या माथ्यावर नारळ फोडायचा नवस केशवरावांचाच. सुशीलेचा, त्यांच्या लेकीचा, टायफाइड उतरला आणि धानाची लावणी, रोवणा, आटोपताच सारं घर कोंढ्याहून धारेच्या पायथ्याशी, बेबीच्या माहेरी येऊन थडकलं. वाट दाखवणार होता बेबीचा भाऊ, पण तो तापानं फणफणला. बेबीचा नवरा तेजराम पाय मुरगळून बसलेला. राहिली बेबी. लहानपणापासून तो कडा तिच्या पायाखालचा. पण केशवराव पडले तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ! भासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही, आणि बोट जरी लागलं तरी सासू सत्यभामाबाई घर डोक्यावर घेणार.

"दहा पावलं पुढं चाल," सासूनं बजावलं, "आन् डोक्यावरचा पदर पडू देऊ नोको."

तर अशी ती वरात निघाली. बोलायचं ते झाडाशी.

"जांभळीच्या झाडा, काळ्या दगडावर शेवाळ आहे म्हणावं. पांढऱ्यावरच पाय द्यावा."

"समजलं म्हणा," केशवराव मागून आभाळाला सांगत.

हसू यावं असंच होतं सगळं. पण एका अंगाला खोल दरी होती, आणि बेबी मागच्या पावलांचा कानोसा घेत होती. या माणसाचा पाय घसरला, तर आपण करायचं काय?

माथ्यावर देव पलीकडच्या काठाला. मधे गुडघाभर पाणी, आणि दहा हातांवर तेच पाणी खाली कोसळत होतं. केशवराव ओलांडून गेले, बेबी अलीकडच्या काठावर जांभळीखाली थांबली. नारळ फोडला, उदबत्ती लावली आणि प्रसादाची वाटी घेऊन परत पाण्यात उतरले. तेवढ्यात बेबीला पाण्यावर वाळका पाला दिसला. मागोमाग काड्या, गढूळ फेस. वर डोंगरात पाऊस कोसळला होता.

"जांभळीच्या झाडा, पाणी येऊन राहिलं! तिकडंच थांबावं म्हणावं!"

झाडाशी बोललेलं पाण्याच्या त्या आवाजात माणसाला कुठून ऐकू जाणार? केशवराव आणखी चार पावलं आले आणि लोंढ्यानं त्यांना कमरेला धरलं. वाटी गेली. एका दगडाला त्यांनी कशीबशी मिठी मारली.

बेबीनं एका हातानं जांभळीचं मूळ धरलं, दुसरा हात लांब केला. पदर कधीच खांद्यावर आला होता. केशवरावांनी तो हात पाहिला आणि आपला मागं घेतला.

"नोको! दोष लागते!"

बेबीला असा संताप आला, की लग्नापासूनचं सहा वर्षांचं मुकेपण क्षणात फुटलं.

"पोरीसाठी आले ना वर? मंग तिले बिनबापाची करून जाता का? धरा हात!"

त्यांनी धरला. तिचा खांदा निखळतो की काय असं झालं, पण मूळ तिनं सोडलं नाही. दोघं काठावर पालथे पडले, धापा टाकत.

उतरताना बेबी पुन्हा पदर घेऊन दहा पावलं पुढं. आता तिला पाण्याहून सासूच्या जिभेची धास्ती होती. भासरे घरी काय सांगतील? की कधीच तोंड पाहणार नाहीत तिचं?

पायथ्याशी धानाच्या बांधीचा धुरा लागला. गुडघ्याएवढा मातीचा बांध, शेळीही सहज उडी मारेल असा. पलीकडं सत्यभामाबाई, तेजराम आणि सुशीला वाट पाहत उभे. केशवराव झपाझप पुढं आले, धुऱ्यावर चढले, वळले आणि सगळ्यांदेखत बेबीपुढं हात केला.

"ये, बेबी."

"केशव!" म्हातारी किंचाळली. "भावसुनेले हात लावतं?"

"हिच्याच हातानं पाण्यातून आणलं मले, माय," केशवराव म्हणाले, पण हात मागं घेतला नाही.

बेबीनं एकदा सासूकडं पाहिलं. मग तो हात धरला आणि धुऱ्यावर चढली.