प्लॅस्टिकमधल्या गाद्या

अगं, तू फक्त ऐक. मधे बोलू नकोस, नाहीतर मी निम्मं विसरेन.

तर ती सिस्टर. मागच्या साथीत, तो श्वास कोंडणारा आजार होता ना, तेव्हा तिनं दवाखान्याच्या व्हरांड्यात माणसं तडफडताना पाहिलेली. साथ गेली आणि मग वरच्यांना जाग आली. समिती नेमली. नाव काय, तर धडे समिती! साथीतून आपण काय शिकलो ते शोधायला. भरपूर चहा ढोसून त्यांनी शोधून काढलं की साथीसाठी वेगळा वॉर्ड नव्हता. झालं! दवाखान्यामागे काचेचा चकचकीत वॉर्ड उभा. प्रत्येक खाटेशी ऑक्सिजनची नळी, दारात ताप मोजायचं यंत्र, आणि एवढ्या खाटांना मिळून संडास एकच. मोठ्या डॉक्टरांनी इतक्या थाटात फीत कापली की स्टाफ त्यांना पाठीमागे फीतकापेच म्हणायला लागला.

आणि मग वॉर्डला कुलूप. का? तर वापरला की खराब होतो! पाहुणे यायचे, फोटो काढायचे, जायचे. गाद्यांवरचं प्लॅस्टिकही काढायचं नाही. सिस्टरचं काम काय, तर किल्ली सांभाळायची आणि त्या प्लॅस्टिकवरची धूळ पुसायची. एवढी शिकलेली नर्स, आणि गाद्या पुसतेय!

आता साथ काय समितीला विचारून येते? या वेळी आली ती पोटाची. जुलाब, उलट्या, सकाळी चालत आलेल्या माणसाचे दुपारी डोळे खोल गेलेले. ताप मात्र नाहीच. त्यामुळे दारातलं यंत्र प्रत्येकाला हिरवा दिवा दाखवतंय, आणि शिपाई म्हणतोय, "जा, तुम्हाला काही झालेलं नाही." तो माणूस तिथेच ओकतोय!

सगळे पेशंट पाण्याच्या टाकीजवळच्या वस्तीतले. सिस्टर धावत फीतकापेंच्या केबिनमध्ये गेली. तिथे बाटलीबंद पाण्याचे खोके एकावर एक रचलेले.

"सर, टाकी बंद करायला लावा. दवाखान्यालाही तेच पाणी येतं. आणि वॉर्ड उघडू या."

"उद्या समिती येतेय," फीतकापे म्हणाले. "आपण किती शिकलो ते बघायला. आणि तुम्ही नेमकी आत्ता साथ आणून ठेवताय?"

"मी आणली?"

"साथ म्हटलं की ते विचारणार, मग शिकलात काय? समिती जाईपर्यंत दम धरा. आणि त्या गाद्यांना कुणी हात लावायचा नाही."

सिस्टर खोक्यांकडे बघत बाहेर आली. आणि व्हरांड्यात समोर कोण? तिचा दीर, बायकोला उचलून घेऊन आलेला. म्हणजे हिची धाकटी जाऊ! मिक्सरवरून दोघींचं असं वाजलं होतं की तेव्हापासून अबोला. आता ती फरशीवर पडलेली, ओठ सुकून पांढरे. सिस्टर वाकली तशी ती पुटपुटली, "जाऊबाई... मिक्सर तुम्हीच ठेवा."

"गप पड! बरी हो आणि तूच घेऊन जा तो. माझं डोकं उठवलंय त्यानं."

आणि तिनं किल्ली काढली.

वॉर्डमध्ये मावशी प्लॅस्टिक फाडायला लागल्या, तर सिस्टर म्हणाली, "राहू दे मावशी, या आजाराला प्लॅस्टिकच बरं. एवढं एक काम चुकून चांगलं झालंय." ऑक्सिजनच्या नळ्यांना सलाइनच्या बाटल्या टांगल्या, खाटांखाली बादल्या सरकवल्या. व्हरांडा आत आला.

दुसऱ्या दिवशी समिती दारात हजर. प्रत्येकाला हिरवा दिवा. फीतकापेंनी आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा पडला म्हणून सांगू! पण अध्यक्ष टाळ्या वाजवायला लागले.

"वा! सराव ठेवलात! अगदी खऱ्यासारखा!"

"हो सर," फीतकापेंच्या जिवात जीव आला, "सरावच."

अध्यक्ष जावेवर वाकले. "काय काम करतेय ही बाई!" जावेनं तेवढ्यात त्यांच्या बुटांवर ओकून काम आणखी खुलवलं. अध्यक्ष उडी मारून मागे. "एवढं नको हो. सिस्टर, सगळं तुम्हीच बसवलंत ना?"

मागून फीतकापे कानाशी कुजबुजले, "हो म्हणा. मेट्रन करतो. तुमच्या जावेलाही खाटेवरून हलवत नाही."

बघ हं. हो म्हटलं की खुर्ची. नाही म्हटलं की घरी. पण हो म्हटलं की टाकी चालूच, आणि वस्तीतली लेकरं तेच पाणी पिणार. तेवढ्यात अध्यक्षांनीच घसा खाकरला. "बोलून बोलून घसा सुकला. जरा पाणी मिळेल?"

सिस्टर नळाशी गेली. ग्लास भरला आणि त्यांच्या हातात दिला.

"नळाचंच आहे सर. सरावच चाललाय म्हटल्यावर पाण्याला काय धाड भरलीय?"

अध्यक्षांनी ग्लास ओठांना लावला की लावला, तोच फीतकापेंनी झेप घेतली! "सर, नको! त्यानंच होतंय हे!"

ग्लास फरशीवर खळ्ळकन. अध्यक्षांनी ग्लासाच्या काचांकडे पाहिलं, मग बुटांकडे पाहिलं, आणि मग पहिल्यांदा खाटेवरच्या माणसांकडे.

टाकी त्याच संध्याकाळी बंद झाली. जाऊ वाचली, मिक्सरही घेऊन गेली. फीतकापे? समितीचा जीव वाचवला म्हणून समितीवरच घेतलं त्यांना! सिस्टर घरी बसलीय, समितीच्या जिवाशी खेळली म्हणून. आणि एवढ्या साथीतून समिती शिकली काय, तर दौऱ्यावर जाताना पाणी आपलं आपण न्यायचं. वॉर्डला नवीन गाद्या आल्यात म्हणे. प्लॅस्टिकसकट.

मी तिला विचारलं, फीतकापे हललेच नसते तर? म्हणाली, "माझा हात तयार होता गं, ओढून घ्यायला." पण असं म्हणताना माझ्याकडे बघत नव्हती ती. आता बोल. तू असतीस तर काय केलं असतंस?