सलूनवाल्या मामांना 'नको' म्हणवेना

मित्रांनो, मी एका फोटो स्टुडिओतला जुना संगणक आहे. म्हातारा म्हणालात तर मात्र रुसेन. स्टुडिओवाल्या काकांनी आयुष्यभर काढलेले फोटो त्यांच्या मुलीने, म्हणजे ताईने, माझ्या पोटात भरले आणि शब्दांवरून ते शोधायला शिकवलं. माझी ऐट काय विचारता! पण गिऱ्हाईक 'लग्न' लिहायचं आणि मी ढीगभर नवरदेव पुढे करायचो. याच्यापेक्षा आपली फोटोंची जुनी ट्रंक बरी, असं काका म्हणायचे. मनाला लागायचं.

ताई रागावली नाही. ती लोकांच्या मागे खुर्ची टाकून बसली आणि ते कसे शोधतात ते बघत राहिली. लोकांना शब्द सुचायचे नाहीत, पण बोट बरोबर पडद्यावरच्या हव्या तशा फोटोवर जायचं. मग तिने प्रत्येक फोटोखाली दोन बटणं दिली, 'असाच' आणि 'असा नको'. माझं काम सुधारलं, कौतुक झालं, अंगावर मूठभर मांस चढलं.

एकदा समोरचे सलूनवाले मामा आले. त्यांची आई ते लहान असतानाच गेली होती आणि काकांनीच काढलेला तिचा घरातला एकुलता एक फोटो भिजून खराब झाला होता. आजी कशी दिसायची, असं लेक विचारत होती आणि मामांना चेहराच आठवेना. दिसली तर ओळखेन म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता.

मी जुने चेहरे मांडले. मामा प्रत्येकाला 'असाच' देत गेले. मी चक्रावलो. शेवटी एक मिशीवाले हवालदार दाखवले, तर त्यांनाही 'असाच'! ताईने कारण विचारलं, तेव्हा मामा ओशाळले.

"आमच्या धंद्यात कुणाच्या तोंडाला नको म्हणत नाहीत गं."

ताई खूप हसली आणि तिने ती बटणंच काढून टाकली. आता मी दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि यातला जवळचा कोणता, एवढंच विचारायचं. यात कुणाचा अपमान नव्हता. मामांचं बोट भराभर चालू लागलं. कुणाचं कपाळ, कुणाची हनुवटी, असा मी पुढे सरकत गेलो.

एका जोडीपाशी बोट थांबलं. मी सवयीने पुन्हा विचारलं, तर मामांनी पडद्यावर अख्खा तळहात ठेवला.

"आता विचारू नकोस बाबा. ही आई."

ताईने डोळे पुसले. काकांनी त्या दिवसापासून ट्रंकेचं नाव काढलं नाही.

हल्ली मी कोपऱ्यात असतो, माझ्यावर ओल्या छत्र्या वाळत घालतात. मित्रांनो, अधूनमधून माझी धूळ पुसा, बरं वाटतं. पण त्याआधी आपल्या घरातल्या माणसांकडे डोळे भरून बघून ठेवा. माझ्या भरवशावर राहू नका. मला तर त्या जोडीतल्या दोघी अजूनही सारख्याच दिसतात.